अॅम्बेजिझ : आडवळणाचा एक जुना शब्द

इंग्रज मनुष्याला आपल्या रोखठोक बोलण्याचा अभिमान मोठा. परंतु त्याच्या भाषेंत आडून बोलण्याला जितकीं नांवें आहेत तितकीं सरळ बोलण्याला नाहींत. त्यांतील कित्येक आज प्रचारांतून गेलीं असून केवळ मोठ्या शब्दकोशांच्या आश्रयानें राहिलीं आहेत. ‘अॅम्बेजिझ’ हें त्यांपैकींच एक. ज्यांचें इंग्रजी वाचन चांगलें आहे अशांनींहि हा शब्द क्वचितच पाहिला असेल. आणि पाहिला असला तर एखाद्या जुन्या काव्याखालच्या टीपेंत. कोशकार त्याच्यापुढें ‘जुना’ अशी खूण करतात, ‘आडवळण, घुमवून सांगणें’ असा अर्थ देतात आणि पुढच्या शब्दाकडे वळतात. परंतु या शब्दाचें आयुष्य लहान नाहीं. रोमच्या महाकवीनें तो वापरला, इटलीच्या महाकवीनें वापरला, इंग्रजी काव्याच्या जनकानें वापरला. इतक्या थोरांच्या मुखीं असलेला शब्द लोपला कसा, आणि जातांना आपल्याबरोबर काय घेऊन गेला, हा प्रश्न केवळ कोशकारांचा नव्हे. खरें कोणाला, केव्हां आणि कोणत्या वाटेनें सांगावें, या प्रत्येक घरांत केव्हां ना केव्हां पडणाऱ्या प्रश्नाशीं त्याची गांठ आहे.

शब्द मूळचा लॅटिन. तेथें त्याचा उच्चार ‘अंबागेस’ असा. त्याचे दोन भाग पडतात. पहिल्या भागाचा अर्थ ‘भोंवतीं, दोहों बाजूंनीं’. दुसरा भाग ‘अगेरे’ म्हणजे हांकणें, चालविणें या क्रियापदापासून आलेला. गुरें समोरच्या वाटेनें न नेतां बांधाबांधानें वळसा घालून हांकावीं, तसें हें नेणें. संस्कृत शिकलेल्या मनुष्याला हे दोन्ही भाग परके वाटण्याचें कारण नाहीं. ‘दोहों बाजूंनीं’ या अर्थाचें संस्कृत ‘अभितः’, ग्रीक ‘अंफि’ आणि लॅटिन ‘अंबि’ हे एकाच कुळांतले शब्द. आणि वेदांत ‘अजति’ या रूपानें येणारा, हांकणें या अर्थाचा ‘अज्’ धातु लॅटिन ‘अगो’चा सख्खा भाऊ. बीजें दोन्हींकडे आहेत. परंतु त्यांचा हा विशिष्ट जोड रोमन लोकांनीं केला. त्यांनीं तो बहुतेक नेहमीं अनेकवचनांतच योजला, हेंहि ध्यानांत घेण्यासारखें आहे. आडवाट एका वळणाची क्वचितच असते. पहिलें वळण घेतलें कीं दुसरें घ्यावें लागतें. इंग्रजींतहि तो असाच अनेकवचनी रूपानें आला. ‘अॅम्बेज’ असें एकवचन मागाहून पाडण्यांत आलें.

याच कुळांतले त्याचे दोन आप्त मात्र आजहि धडधाकट आहेत. ‘अॅम्बिग्युअस’, म्हणजे संदिग्ध, हा त्याच दोन बीजांपासून झालेला. दोहों बाजूंना हांकला जाणारा, कोणत्याहि एका बाजूला न ठरणारा, असा त्याचा मूळ भाव. दुसरा ‘अॅम्बिशन’, म्हणजे महत्त्वाकांक्षा. त्यांत हांकण्याच्या जागीं ‘जाणें’ हा धातु आहे. रोममध्यें अधिकारपदाचा उमेदवार मतें मागत लोकांभोंवतीं फिरे. त्या फिरण्यावरून हा शब्द निघाला, आणि लाच देऊन मतें मिळविण्याच्या गुन्ह्याचें लॅटिन नांवहि त्याच फिरण्यावरून पडलें. भोंवतीं फिरणाऱ्या मनुष्याच्या मनांत कांहीं तरी असतें, हा संशय या कुळाला जन्मापासूनच चिकटलेला आहे.

तरीहि मूळ शब्द निंदेचा नव्हता, हें व्हर्जिलच्या ‘ईनिड’ या महाकाव्यांत स्पष्ट दिसतें. व्हर्जिल इसवी सनापूर्वीं १९ या वर्षीं वारला. त्याच्या काव्यांत हा शब्द तीन ठिकाणीं तीन निरनिराळ्या अर्थच्छटा घेऊन येतो. पहिल्या सर्गांत व्हीनस देवी आपल्या मुलाला, ईनिअसला, डायडो राणीवर झालेल्या अन्यायाची हकीकत सांगूं लागते, तेव्हां ती प्रथमच कळविते कीं कथा फार लांब व फांट्यांची आहे, म्हणून ठळक तेवढें सांगतें. येथें शब्दाचा अर्थ नुसता विस्तार. सहाव्या सर्गांत क्यूमी येथील अपोलोच्या मंदिराच्या दारावर क्रीट बेटांतील भुलभुलैय्याचें चित्र कोरलेलें आहे. त्या वास्तूच्या फसव्या वळणांनाहि हाच शब्द. तीं वळणें ज्यानें रचलीं त्या डेडलसनेंच प्रेमांत सांपडलेल्या राजकन्येची कींव येऊन सुताच्या धाग्यानें तीं उलगडून दिलीं. आणि त्याच सर्गांत थोडें पुढें, गुहेंतून भविष्य सांगणाऱ्या सिबिलच्या गूढ वाणीला कवि पुन्हां हाच शब्द लावतो; ती सत्य सांगते, परंतु अंधारांत गुंडाळून सांगते. कथा, वास्तु आणि देववाणी या तिहींत समान काय? प्रत्येकीला शेवट आहे. परंतु तेथें सरळ जातां येत नाहीं.

इतिहासकार लिव्ही हा व्हर्जिलचा समकालीन. रोमच्या शेवटच्या राजाची, टार्क्विनची, हकीकत सांगतांना त्यानें हा शब्द निदान दोन गोष्टींत योजला आहे, आणि त्या दोन गोष्टी शेजारीं ठेवून पाहिल्या म्हणजे शब्दाचीं दोन्ही टोकें दिसतात. टार्क्विनचा मुलगा सेक्स्टस यानें बापाशीं भांडण झाल्याचें सोंग करून गेबिआइ या शत्रूच्या नगरांत आश्रय मिळविला, तेथल्या लोकांचा विश्वास संपादिला, आणि पुढें काय करावें हें विचारण्यासाठीं बापाकडे जासूद धाडला. राजा कांहीं बोलला नाहीं. विचारांत असल्यासारखा तो बागेंत गेला, येरझारा घालूं लागला, आणि हातांतल्या काठीनें अफूच्या झाडांचीं उंच उंच बोंडें तेवढीं उडवीत राहिला. उत्तराची वाट पाहून जासूद कंटाळला व परत गेला. आपण काय पाहिलें तें त्यानें सांगितलें. मुलगा समजला. गेबिआइमधील जे जे पुढारी डोकें वर काढून होते ते कोणी मारले गेले, कोणी हद्दपार झाले, आणि नगर आयतें टार्क्विनच्या हातीं आलें. तोंडांतून एक शब्दहि न काढतां घातलेल्या या कोड्याला लिव्ही ‘मुकें आडवळण’ म्हणतो. ही गोष्ट रोमच्याहि आधींची आहे; हिरोडोटसनें ग्रीक जुलमी राज्यकर्त्यांविषयीं ती सांगितली असून तेथें बोंडांऐवजीं शेतांतलीं उंच कणसें आहेत. आज्ञा द्यावयाची, परंतु आज्ञा दिल्याचा पुरावा ठेवावयाचा नाहीं, ही युक्ति इतकी जुनी आहे.

दुसरी गोष्ट ब्रूटसची. हा टार्क्विनचा भाचा. राजानें कर्त्या माणसांचीं डोकीं उडविलेलीं पाहून त्यानें जीव वांचविण्यासाठीं मतिमंदाचें सोंग घेतलें. ‘ब्रूटस’ या नांवाचा अर्थच जड बुद्धीचा. राजपुत्रांनीं डेल्फीच्या दैवतापाशीं जातांना त्याला करमणुकीसाठीं बरोबर नेलें. तेथें त्यानें देवाला एक साधी लांकडी काठी वाहिली. काठी आंतून पोखरून तींत सोन्याची कांब घातलेली होती. ही काठी म्हणजे त्याच्या बुद्धीचें आडून काढलेलें चित्र होतें, असें लिव्ही म्हणतो, आणि शब्द तोच. तुमच्यापैकीं जो प्रथम आईचें चुंबन घेईल तो रोममध्यें सत्ताधीश होईल, अशी देववाणी झाली. राजपुत्र घराकडे निघण्याचा बेत करूं लागले; ब्रूटस ठेंच लागल्याचें निमित्त करून पडला आणि सर्वांची आई जी भूमि तिला त्यानें ओंठ लावले. पुढें राजांना घालवून रोमचें प्रजासत्ताक उभारणारा तो हाच. एका वळशानें माणसें मारलीं, दुसऱ्यानें एका माणसाला योग्य वेळ येईपर्यंत जिवंत ठेवलें. लिव्हीनें दोहोंना एकच शब्द वापरला, कारण शब्द वाटेचें नांव सांगत होता. वाटसरूचा हेतु सांगत नव्हता.

मध्ययुगांत हा शब्द डांटेच्या हातीं आला. डांटेला १३०२ सालीं फ्लॉरेन्समधून हद्दपार करण्यांत आलें, आणि १३२१ सालीं रॅव्हेना येथें त्यानें देह ठेवला; जन्मगांव त्याला पुन्हां दिसलें नाहीं. त्याच्या काव्यांतला प्रवास मात्र १३०० सालचा कल्पिलेला आहे. म्हणजे त्या वेळीं हें संकट यावयाचें आहे. वाटेंत त्याला आपल्याविषयीं अशुभ पण अर्धवट सूचना मिळत गेल्या होत्या. स्वर्गांत त्याची गांठ आपल्या पणजोबाच्या बापाशीं, काच्चाग्विदाशीं, पडते, तेव्हां तो स्पष्ट विचारतो: माझ्यापुढें काय आहे? बाण येणार हें आधीं कळलें तर तो मंद होतो, अशी त्याची समजूत. आणि तो वृद्ध आत्मा उत्तर देतो तें ‘अंबाजे’नें नव्हे, म्हणजे पूर्वींचे लोक ज्या कोड्यांत चिकटून बसत तसल्या कोड्यानें नव्हे, तर स्वच्छ शब्दांत, बापाच्या मायेनें. बातमी वाईट आहे. घर, गांव, मित्र सर्व सुटणार आहे. तरी ती सरळ सांगण्यांतच प्रेम आहे, असा डांटेचा निवाडा. येथें प्रथमच या शब्दाच्या समोर सरळ बोलणें हें पर्याय म्हणून उभें राहतें, आणि तुलनेंत शब्द उणा ठरतो.

इटलींतच बोकॅचिओनें ट्रॉयच्या युद्धकालांतील एका प्रेमकथेवर काव्य रचलें आणि त्यांत हा शब्द घातला. त्या काव्याच्या आधारानें चॉसरनें १३८० नंतरच्या वर्षांत ‘ट्रॉयलस अँड क्रिसेड’ लिहिलें, आणि शब्द इंग्रजींत उतरला. क्रिसेडचा बाप कॅल्कस हा ज्योतिषी. ट्रॉयचा नाश होणार हें भविष्य कळल्यामुळें तो शत्रूला मिळालेला. पांचव्या सर्गांत डायोमीड हा ग्रीक वीर क्रिसेडचें मन वळविण्यासाठीं म्हणतो कीं, तुझा बाप ‘अॅम्बेजिझ’नें आम्हांला फसवीत नसेल तर ट्रॉय आतां वांचत नाहीं. शब्द इंग्रजी कानांना नवखा वाटेल हें ओळखून चॉसर लगेच त्याचा अर्थहि डायोमीडच्याच तोंडीं घालतो: दुहेरी, कावेबाज, दोन तोंडांचे शब्द. यांतला विनोद असा कीं, दुतोंडी शब्दांची ही व्याख्या सांगणारा डायोमीड स्वतःच त्या घटकेला एका एकट्या पडलेल्या स्त्रीपुढें गोड शब्दांचें जाळें पसरीत आहे. इंग्रजींत शब्दाची पहिली ओळख अशी एका लबाडाच्या तोंडून झाली, आणि त्याच्या अंगावरचा तो डाग पुढें पुसला गेला नाहीं.

एलिझाबेथ राणीच्या काळांत त्याला थोडी प्रतिष्ठा मिळाली. १५८९ सालीं इंग्रजी काव्यशास्त्रावर एक ग्रंथ निघाला. तो जॉर्ज पटनम याचा मानतात. ग्रीक अलंकारांना देशी नांवें देण्याची त्याला हौस. वस्तूचें नांव न घेतां तिच्या वर्णनानें ती सुचविण्याचा जो अलंकार, ज्याला संस्कृत साहित्यशास्त्रांतील ‘पर्यायोक्त’ जवळचा आहे, त्याला त्यानें ‘अॅम्बेज’ हेंच नांव दिलें. परंतु स्तुति करतांनाहि या अलंकारांत सोंगाचा अंश आहे, मनांतला हेतु शब्दांच्या आड लपलेला असतो, हें सांगण्यास तो चुकला नाहीं. दरबारांत वावरणाऱ्या मनुष्याला ती कला अवगत असणें जरूर होतें, हें त्याला पक्कें ठाऊक होतें.

त्या दरबारी कलेचें व्यंगचित्र थोड्याच वर्षांनीं शेक्सपिअरनें ‘हॅम्लेट’मध्यें काढलें. राजमंत्री पोलोनिअसचा मुलगा पॅरिसला असतो. मुलगा कसा वागतो हें कळावें म्हणून म्हातारा एक नोकर धाडतो आणि त्याला शिकवितो: सरळ विचारूं नकोस, मुलाच्या ओळखीच्या लोकांपुढें त्याच्यावर जुगाराचे, मद्यपानाचे, भांडखोरपणाचे किरकोळ आरोप करून पाहा, म्हणजे खरें असेल तें लोक आपण होऊन सांगतील. या युक्तीला तो दोन खेळांतले शब्द लावतो. एक ‘विंडलस’; हें त्या काळीं सावजाला पुढून गांठण्यासाठीं शिकाऱ्यानें घेतलेल्या लांब वळशाचें नांव होतें. दुसरा ‘बायस’, हिरवळीवरच्या चेंडूच्या खेळांत चेंडू एका अंगाला जड ठेवतात, म्हणून तो सरळ न जातां वांकडा जाऊन नेमक्या ठिकाणीं पोंचतो. पोलोनिअसला आपल्या युक्तीचा अभिमान वाटतो; परंतु बापच आपल्या मुलाची अपकीर्ति पैसे देऊन पसरवीत आहे, हें त्याच्या लक्षांतहि येत नाहीं. पुढें पडद्याआड लपून दुसऱ्याचें बोलणें ऐकत असतांनाच हॅम्लेटच्या तलवारीनें त्याचा शेवट होतो.

नाटकांत हा हंशाचा विषय होता. त्याच काळीं लंडनच्या न्यायालयांत तो जन्ममरणाचा झाला होता. १५८५ च्या कायद्यानें परदेशीं दीक्षा घेतलेल्या कॅथलिक धर्मोपदेशकानें इंग्लंडांत राहणें हा राजद्रोह ठरला, आणि त्याला आसरा देणाऱ्याला फांशी सांगितलेली होती. घरावर सरकारी माणसें येत व शपथेवर विचारीत: येथें कोणी धर्मोपदेशक आहे काय? ‘आहे’ म्हणावें तर पाहुण्याचा व यजमानाचा दोघांचाहि जीव जातो; ‘नाहीं’ म्हणावें तर शपथ खोटी होते. या पेंचांतून आडवळणाचें एक शास्त्रच तयार झालें. उत्तराचा कांहीं भाग उघड बोलावा, उरलेला मनांत ठेवावा. दोन्ही मिळून वाक्य खरें झालें म्हणजे देवापुढें असत्य नाहीं. इंग्रजींत याला ‘इक्विव्होकेशन’ म्हणूं लागले.

रॉबर्ट साउथवेल हा जेझुइट पंथाचा धर्मोपदेशक आणि इंग्रजींतला गुणी कवि. १५९५ सालीं त्याच्यावर खटला चालला, तेव्हां त्यानें हें शास्त्र एका बाईला शिकविल्याचा पुरावा पुढें आला. सरकारी वकील एडवर्ड कोक यानें त्यावर झोड उठविली. साउथवेलनें त्यालाच उलट प्रश्न केला: फ्रान्सच्या राजानें या देशावर स्वारी केली, राणीला एका घरांत लपावें लागलें, ती जागा एकट्या तुम्हांला ठाऊक आहे, आणि शत्रु तुम्हांला शपथेवर विचारीत आहे, तर तुम्ही सांगाल काय?  २१ फेब्रुवारी १५९५ रोजीं टायबर्न येथें साउथवेलला फांशी देण्यांत आलें. पुढें नोव्हेंबर १६०५ मध्यें पार्लमेंट दारूनें उडविण्याचा कट उघडकीस आला. हेन्री गार्नेट या धर्मोपदेशकाला त्या कटाची माहिती पापनिवेदनाच्या गुप्ततेंत मिळालेली होती. चौकशींत त्यानें दिलेलीं वळशाचीं उत्तरें एकामागून एक उघडीं पडलीं, आणि ३ मे १६०६ रोजीं त्यालाहि फांशी झाली. त्याच सुमाराच्या ‘मॅकबेथ’ नाटकांत दारूच्या धुंदींतला द्वारपाल नरकाच्या दारांत ज्यांना घेतो त्यांत अशा दुहेरी बोलणाराहि एक असतो. प्रेक्षकांना रोख कोणाकडे आहे तें सांगावें लागत नव्हतें.

या खटल्यांनीं आडून बोलण्याचें नांव इंग्लंडांत फार वाईट झालें. मात्र साउथवेलचा प्रश्न अजून जागच्या जागीं आहे. सरळ उत्तर मागणाऱ्याच्या हातांत फांस असेल, तर सरळपणाचा भार एकट्या उत्तर देणाऱ्यावर टाकतां येतो काय? आणि उलट, एकदां जिवासाठीं शिकलेली ही विद्या मनुष्य जिवाचा प्रश्न नसतांनाहि वापरूं लागतो, तेव्हां त्याच्या खऱ्या शब्दावरहि कोण विश्वास ठेवील? गार्नेटच्या बाबतींत झालें तें हेंच. त्याच्या बोलण्यांत खरें किती हें ठरविण्याचें साधनच ऐकणारांजवळ उरलें नव्हतें.

अठराव्या शतकांत मोठमोठ्या लॅटिन शब्दांचा दरारा कमी झाला. डॉक्टर जॉन्सननें १७५५ च्या आपल्या कोशांत ‘अॅम्बेजिझ’ला जागा दिली, शब्दांचा फेरा, पाल्हाळ, आडून बोलण्याची तऱ्हा असा त्याचा अर्थ दिला. गुहेंतली देववाणी, भुलभुलैय्याचीं वळणें, जीव वांचविणारें सोंग हें सर्व जाऊन शिल्लक राहिला तो बोलक्या माणसाचा पाल्हाळ. त्याच्या जागीं लोकांच्या तोंडीं एक थट्टेखोर शब्द बसला: ‘सर्कमबेंडिबस’. पुढें लॅटिन, मध्यें इंग्रजी ‘बेंड’ म्हणजे वळण, आणि शेवटीं पुन्हां लॅटिन विभक्तीचें शेंपूट, अशी ती पंडितांची नक्कल. गोल्डस्मिथच्या १७७३ सालच्या ‘शी स्टूप्स टु काँकर’ या प्रहसनांत टोनी लंपकिन हा खट्याळ मुलगा आपल्या आईला रात्रीच्या अंधारांत गाडींत घालून घराभोंवतींच फिरवितो, आपल्याच बागेच्या टोकाशीं असलेल्या तळ्यांत गाडी रुतवितो, आणि घरापासून चाळीस मैलांवर चोरांच्या माळावर आलों, असें तिला पटवितो. या फेऱ्याला तो हाच शब्द लावतो. शब्दाचा मूळ अर्थ, गाडी वळशानें हांकणें, अठराशें वर्षांनीं असा विनोदाच्या रूपानें परत आला.

एकोणिसाव्या शतकांत आडवळण माणसांकडून कचेऱ्यांकडे गेलें. क्रिमियाच्या युद्धांत, म्हणजे १८५३ ते १८५६ या काळांत, सैन्याची अन्नवस्त्रांवांचून दैना झाली आणि इंग्लंडांत सरकारी खात्यांच्या गलथानपणाविरुद्ध संतापाची लाट उसळली. त्याच वेळीं डिकन्स ‘लिट्ल डॉरिट’ ही कादंबरी मासिक भागांनीं लिहीत होता. त्यांत त्यानें ‘सर्कमलोक्यूशन ऑफिस’ नांवाचें एक कल्पित खातें उभें केलें. या खात्याचें शास्त्र एकच: काम न करण्याची रीत शोधून काढणें. बुद्धिमान कारागीर आपला शोध घेऊन तेथें जातो, एका मेजावरून दुसऱ्या मेजावर पाठविला जातो, आणि वर्षें लोटल्यावर जणूं तोच गुन्हेगार असा बाहेर पडतो. येथें कोणीहि खोटें बोलत नाहीं; परंतु कोणीहि उत्तर देत नाहीं. टार्क्विनच्या आडवळणाला निदान अर्थ होता. या आडवळणाला शेवटच नाहीं. पुढें १९४८ सालीं ब्रिटिश अर्थखात्याच्या विनंतीवरून अर्नेस्ट गॉवर्स यांनीं सरकारी नोकरांसाठीं साध्या भाषेचें एक छोटें पुस्तक लिहिलें आणि त्याचा फार मोठा खप झाला. यावरूनच रोग किती मुरला होता तें दिसतें.

ऑक्सफर्डच्या बृहत् कोशाचा पहिला भाग १८८४ सालीं प्रसिद्ध झाला, तेव्हां वर्णानुक्रमामुळें ‘अॅम्बेजिझ’ त्यांतच आला. ज्या शब्दाला व्यवहारांत कोणी विचारीत नव्हतें त्याचीं पांचशें वर्षांचीं उदाहरणें तेथें नीट लावून ठेवण्यांत आलीं. त्याचें एके काळचें राज्य मात्र तोंवर वांटलें गेलें होतें. वाटेच्या वळणांना ‘मेझ’ आणि ‘लॅबिरिंथ’; पाल्हाळाला ‘सर्कमलोक्यूशन’; दुहेरी अर्थाला ‘अॅम्बिग्युइटी’; जाणून बुजून केलेल्या दुहेरीपणाला ‘इक्विव्होकेशन’. प्रत्येक वारसाला आपला वांटा मिळाला, परंतु सबंध घर कोणाकडेच राहिलें नाहीं.

मराठींतहि या अर्थाचें एकच घर नाहीं. सरळ नाकाला हात लावण्याऐवजीं डोक्यामागून तो आणणें हा द्राविडी प्राणायाम. होय कीं नाहीं तें न सांगतां रेंगाळणें हे आढेवेढे. मागावयाचें आहे पण मागण्याची लाज, तर ताकाला जाऊन भांडें लपविणें. आणि बोलावयाचें एकीला, लागावयाचें दुसरीला, तर लेकी बोले सुने लागे. यांतील प्रत्येक प्रयोगांत निवाडा आधींच झालेला आहे. हीं नांवें घेतांच बोलणारा हंसूं लागतो किंवा रागावतो. जुन्या लॅटिन शब्दाचें वैशिष्ट्य हें होतें कीं तो निवाडा करीत नव्हता. तो एवढेंच सांगे कीं येथें वाट सरळ नाहीं; कां नाहीं, हें ज्याचें त्यानें पाहावें.

आणि पाहावयाचें असेल तर कसोटी त्या जुन्या कथांतच आहे. वळसा कोणासाठीं घेतला? ब्रूटसचा वळसा दुबळ्याचा होता; राजाला त्याची गरज नव्हती. टार्क्विनचा वळसा बलवंताचा होता. आपल्या आज्ञेची जबाबदारी टाळण्यापलीकडे त्याचें प्रयोजन नव्हतें. साउथवेलनें ज्यांच्यासाठीं आडवाट दाखविली त्यांच्या दारांत मृत्यु उभा होता; डिकन्सच्या कारकुनाच्या दारांत फक्त एक अर्जदार उभा होता. सत्तेजवळ सरळ बोलण्याचें सामर्थ्य असतें, म्हणून तिचें आडवळण हा दोष. ज्याच्याजवळ तें सामर्थ्य नाहीं त्याचें आडवळण पुष्कळदां केवळ निवारा. दुसरी कसोटी अशी कीं, त्या वाटेला शेवट आहे काय? डेडलसनें वळणें रचलीं तसा धागाहि दिला. आजाऱ्याच्या उशाशीं बसलेला समंजस वैद्य अप्रिय गोष्ट एकदम बोलत नाहीं. तो थोडें थोडें सांगतो, परंतु अखेर सांगतो. जो वळसा ऐकणाराला सत्यापर्यंत नेऊन पोंचवितो, त्याला वाट म्हणावें; जो त्याला दारापासून दूर दूर नेतो तो टोनी लंपकिनच्या गाडीचा फेरा, आणि त्यांत बसलेल्याला आपण आपल्याच बागेंत रुतलों आहों हेंहि कळत नाहीं.

काच्चाग्विदानें मात्र डांटेला कोणताच वळसा दिला नाहीं. विचारणारा धीट होता, सांगणारा मायेचा होता, आणि दोघांमध्यें भय नव्हतें. जेथें हीं तीन जुळून येतात तेथें या जुन्या शब्दाची गरज पडत नाहीं. इतरत्र सर्व ठिकाणीं, शब्द गेला तरी, त्यानें दाखविलेली वळणें जागच्या जागीं आहेत.